कोरं घड्याळ

घड्याळं जमवणाऱ्या लोकांत दोन पंथ असतात, हे मला माझ्या भाच्याकडून कळलं. आपल्यात जसे तेरापंथी आणि वीसपंथी, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं, तसंच ते. एक पंथ म्हणतो, घड्याळ हे मनगटासाठी असतं, घालावं. दुसरा म्हणतो, जुनं, दुर्मीळ घड्याळ एकदा हातात बांधलं की संपलं; ते पेटीत, डब्यासकट, पावतीसकट, काचेवरचा कागदही न काढता ठेवावं. मी माझ्या सोयीसाठी त्यांना नावं दिली आहेत. पहिले मनगटपंथी, दुसरे पेटीपंथी. भाचा पक्का पेटीपंथी.

तो बेंगळुरूला असतो. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, लग्न व्हायचंय, आणि पगारातला बराचसा भाग घड्याळांत जातो. स्वित्झर्लंडची महागडी घड्याळं नव्हेत हं. त्याला वेड आहे ते एच.एम.टी.चं. आमच्या पिढीला हे ऐकून हसू येतं. एच.एम.टी. म्हणजे मास्तरांच्या हातातलं, तलाठ्याच्या हातातलं, दहावी पास झाल्यावर मामानं घेऊन दिलेलं घड्याळ. ते कुणी काचेच्या कपाटात ठेवील असं कुणाला वाटलं होतं?

पण त्याचं म्हणणं ऐकलं की ते पटतंही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बेंगळुरूला सरकारी कारखान्यात घड्याळं बनायला लागली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढं तुमकूरला, श्रीनगरला, राणीबागला कारखाने झाले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन अशी त्यांची नावं. आंधळ्या माणसांना बोटांनी चाचपून वेळ कळावी म्हणून ब्रेलचं घड्याळसुद्धा त्यांनी केलं. मग सेलवरची घड्याळं आली, १९८४ मध्ये टायटन कंपनी उभी राहिली, आणि किल्ली द्यायचा कंटाळा असलेल्या देशानं एच.एम.टी.कडं पाठ फिरवली. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं घड्याळांचा हा धंदा बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे त्या काळची जुनी घड्याळं आता जेवढी आहेत तेवढीच.

पेटीपंथीयांचा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो. भाचा म्हणतो, "आत्या, बाजारात जी जुनी एच.एम.टी. मिळतात ना, त्यातली कितीतरी खरी नसतातच. तबकडी खरवडून नवीन रंग मारलेली, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं. गुलाबी, पोपटी, जांभळ्या तबकड्या, ज्या कंपनीनं कधी काढल्याच नाहीत. मग खरी कशी होती हे पुढं कुणाला कसं कळणार? कोरं राहिलेलं एखादं घड्याळ हाच पुरावा."

हा मुद्दा खोटा नाही. घातलेलं घड्याळ झिजतंच. घाम जातो, धूळ जाते, काचेवर ओरखडे पडतात, सोनेरी मुलामा कडेकडेनं उडून आतलं पितळ दिसायला लागतं. एखाद्यानं तरी ते सांभाळून ठेवलं पाहिजे.

मनगटपंथीयांकडंही उत्तर आहे, आणि त्यांचं सगळ्यात लाडकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पॉल न्यूमन नावाचा सिनेनट मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यायचा. त्याच्या बायकोनं, जोअन वुडवर्डनं, त्याला रोलेक्सचं डेटोना घड्याळ दिलं आणि पाठीमागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचं कोरून घेतलं. त्यानं ते पेटीत ठेवलं नाही, रोज घातलं. १९८४ मध्ये मुलीच्या मित्राला त्यानं वेळ विचारली. त्या मुलाकडं घड्याळच नव्हतं. तर यानं हातातलं काढून त्याला देऊन टाकलं. त्या मुलानंही ते वर्षानुवर्षं घातलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला तेव्हा त्याला एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरच्या वर किंमत आली. ती किंमत त्या मनगटाची होती आणि झाकणावरच्या बायकोच्या काळजीची होती.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गांधीजींचं. त्यांच्याजवळ वस्तू अशा किती होत्या? पण कमरेला अडकवलेलं घड्याळ मात्र होतं, आणि ते वेळेसाठीच होतं. २००९ मध्ये त्यांचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली यांचा न्यूयॉर्कला लिलाव झाला. अठरा लाख डॉलर. ज्यानं काही जमवलं नाही त्याच्या वापरातल्या वस्तू लोक जमवायला निघाले. वापरल्या नसत्या तर त्यांना कुणी विचारलं असतं?

इथपर्यंत हा विषय माझ्यासाठी गंमतीचा होता. भाचा दिवाळीला आला की आमची जुगलबंदी व्हायची, वहिनी चहा आणायची, विषय संपायचा. पण दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि हा प्रश्न माझ्याच पदरात येऊन पडला.

आमचं गाव निपाणीजवळ. तंबाखूचं शेत. आई सातवी झालेली, सून होऊन चौदा माणसांच्या घरात आली. एका वर्षी तंबाखूला भाव बरा आला, तेव्हा आप्पा बेळगावला जाऊन दोन घड्याळं घेऊन आले. स्वतःला एच.एम.टी.चं जनता आणि आईला बायकांचं छोटं सुजाता. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच की आतल्या खोलीत कंदिलाशेजारी आप्पांनी आईच्या मनगटावर पट्टा ओढून तिसऱ्या भोकात अडकवला, आणि आईनं हात कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी आजीनं पाहिलं. आजी वाईट नव्हती. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "बाईच्या हातात काकणं असतात. घड्याळ बघून तुला कुठली गाडी गाठायचीय?" घरातल्या बाकीच्या बायका हसल्या. आईही हसली म्हणे. घड्याळ डब्यात गेलं, डबा ट्रंकेत गेला.

वेळ तर आईलाच सगळ्यात जास्त पाळावी लागायची. पहाटे गडी यायच्या आत न्याहारी. बस्तीतली घंटा व्हायच्या आत आंघोळ. आणि संध्याकाळचं मुख्य म्हणजे सूर्य बुडायच्या आत चौदा माणसांची जेवणं उरकायची. ज्या घरात रात्री जेवायचं नाही, त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईइतकी घड्याळाची गरज दुसऱ्या कुणाला असणार? पावसाळ्यात ढग आले की सूर्य दिसायचा नाही. आई अंगणात दोनदा येऊन आभाळ बघून जायची, मग मला सोप्यावर पाठवायची, "आप्पांच्या हातात किती वाजले बघून ये जा." स्वतःचं घड्याळ ट्रंकेत, आणि वेळ विचारायला लेक सोप्यावर. रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके लागायचे, त्यावर तिचं कुकर-भात चालायचं.

वर्षातून एकदा, पाडव्याला, ती डबा बाहेर काढायची. मऊ फडक्यानं पुसायची, चार फेरे किल्ली द्यायची, कानाला लावायची आणि परत ठेवायची. आजी गेली, घरं वेगळी झाली, तेव्हा मी म्हटलं, "आता घाल की." तर म्हणाली, "सवय नाही गं आता. आणि कोरं आहे, तसंच राहू दे. पुढं कुणाला तरी होईल."

आप्पांचं जनता मात्र तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. शेतात, बाजारात, बस्तीत, दवाखान्यात. काच धुरकटून गेलेली, तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ डाग, पट्टे किती बदलले त्याचा हिशेब नाही. एका घरात, एका दिवशी आलेली दोन घड्याळं. एक झिजून गेलं, एक जसंच्या तसं राहिलं.

आईच्या दिवसकार्यानंतर भावानं डबा माझ्या हातात दिला. "आईचं लेकीकडं," म्हणाला. भाच्यानं तो उघडला आणि त्याचे डोळे चमकले. डबा, कागद, पावती, सगळं होतं. त्यानं भिंग लावून पाहिलं. "आत्या, हे असं मिळतच नाही. एकदम कोरं. फक्त पट्ट्याच्या तिसऱ्या भोकाजवळ एक बारीक वळ आहे, तेवढा एक दोष."

तो जे दोष म्हणत होता, ती आईच्या आयुष्यातली ती एक रात्र होती. मी काही बोलले नाही. पोरगा निरागसपणे बोलत होता.

त्याचं म्हणणं, ते त्याला द्यावं, तो त्याच्या संग्रहात आईचं नाव लिहून, कधीही न उघडता ठेवील. विकणार नाही, याची शपथ घ्यायला तयार. माझी लेक बेळगावच्या कोर्टात वकिली करते. ती म्हणाली, "मी घालते. आजीला घालता आलं नाही म्हणून." यावर भाचा जवळजवळ ओरडलाच, "ताई, पन्नास वर्षं जे टिकलंय ते तू एका पावसाळ्यात घालवशील!" लेक म्हणाली, "टिकलंय की अडकून पडलंय?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी डबा घेऊन बेळगावला आले.

पहिलं काम केलं ते घड्याळजींकडं जायचं. खडेबाजारात एक म्हातारे घड्याळजी अजून डोळ्याला भिंग लावून बसतात. त्यांनी झाकण उघडलं आणि मला आत बघायला दिलं. केसाएवढी स्प्रिंग, तिच्याबरोबर मागंपुढं होणारं एक चाक, आणि लाल ठिपक्यांसारखे खडे. हे खडे कारखान्यात बनवलेली माणकं असतात. चाकांच्या आसांची टोकं त्यात फिरतात म्हणून कमी झिजतात. अशा जुन्या किल्लीच्या बहुतेक घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पडतात. म्हणजे तासाला अठरा हजार, दिवसाला चार लाख बत्तीस हजार.

मी विचारलं, "हे न वापरता ठेवलं तर नवंच राहतं ना?"

ते हसले. "नाही ओ बाई. वरनं नवं राहतंय. आतलं तेल वाळतंय की. वीस-पंचवीस वर्षं तसंच ठेवलं की तेलाचा डिंक होतो. मग कुणीतरी हौसेनं किल्ली देतं आणि कोरडी चाकं एकमेकाला खातात. घातलेलं घड्याळ निदान वेळेवर आमच्याकडं येतंय. ठेवलेल्याची आठवण कुणाला असत्या?"

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती सगळ्याच बायकांनी ऐकण्यासारखी आहे. सेलवरचं घड्याळ कपाटात ठेवायचं असेल तर आधी सेल काढून घ्यावा. संपलेला सेल आत राहिला तर तो पाझरतो आणि मशीन कुजवून टाकतो. वरून चकाकी तशीच, आत सगळं गेलेलं. लग्नात आलेली किती घड्याळं आपल्या कपाटांत अशी बसली असतील!

म्हणजे पेटीपंथीयांना जे 'कोरं' वाटतं, ते पूर्ण कोरं नसतंच. काळ पेटीतही जातो. महागड्या आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळांसाठी तर एक यंत्र मिळतं म्हणे. कपाटात ठेवलेलं घड्याळ ते सावकाश गोल फिरवत राहतं, म्हणजे हात हलतोय असं घड्याळाला वाटावं. मला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. हात आहे, घड्याळ आहे, आणि दोघांच्या मध्ये विजेवरचं यंत्र.

या नादात मी भाच्याच्याच एका पुस्तकात फ्रान्सच्या राणीच्या घड्याळाची गोष्ट वाचली. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ मध्ये पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या कारागिराकडं घड्याळ सांगितलं गेलं. त्या काळी जेवढ्या करामती माहीत होत्या तेवढ्या सगळ्या त्यात हव्या होत्या. काम चालूच राहिलं. मध्ये क्रांती झाली, १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ मध्ये ब्रेगे वारला. घड्याळ पुरं झालं ते १८२७ मध्ये. ज्या मनगटासाठी किंवा खिशासाठी, जे काय असेल त्यासाठी ते सांगितलं, ते माणूसच उरलं नव्हतं, आणि करणाराही नव्हता. पुढं ते जेरुसलेमच्या एका संग्रहालयातून १९८३ मध्ये चोरीला गेलं, २००७ मध्ये सापडलं. आज ते जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या घड्याळांपैकी एक आहे. मला ते वाचताना आईच आठवली. राणी आणि निपाणीकडची सून यांच्यात काही साम्य नाही, पण घड्याळ तिच्यासाठी आणि वेळ मात्र तिला नाही, एवढं तर आहेच.

पण म्हणून 'ठेवणं' हे सगळंच वाईट, असंही मी म्हणणार नाही. आपल्या समाजातल्या बाईनं तर मुळीच म्हणू नये. मूडबिद्रीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. यात्रेला आपण गेलेल्या असतो, सिद्धांत बसदीत दर्शन घेतलेलं असतं. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, तिथं शतकानुशतकं सांभाळून ठेवली होती. लोक यायचे, दर्शन घ्यायचे, नमस्कार करून जायचे. वाचायला मिळत नव्हती. ताडपत्रं जीर्ण होत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या मंडळींनी मनावर घेतलं आणि त्यांच्या प्रती उतरवायला सुरुवात झाली. त्या कामाला वर्षानुवर्षं लागली. पुढं अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतलं, १९३९ मध्ये पहिला खंड छापून आला, आणि १९५८ पर्यंत सोळा खंड झाले. आज आपल्या बस्तीच्या कपाटात ते दिसतात.

आता सांगा, श्रेय कुणाचं? ज्यांनी ती ताडपत्रं शतकानुशतकं वाळवीपासून वाचवली त्यांचं नाही का? आहेच. त्यांनी ठेवली नसती तर उतरवायला काही उरलंच नसतं. पण नुसती ठेवली असती, तर एक दिवस भुगा झाला असता आणि त्यात काय लिहिलंय हे कुणालाच कळलं नसतं. ठेवणाऱ्याचं पुण्य वाचणाऱ्यापर्यंत पोचल्यावर पुरं झालं.

मी हे सगळं मनात घोळवत होते तेव्हा स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. परिग्रह म्हणजे मूर्च्छा, असं उमास्वामींनी सांगितलंय. वस्तू किती आहेत यापेक्षा मन तिला किती चिकटलंय, हा परिग्रह. या मापानं पाहिलं तर दोन्ही पंथ सापडतात. पेटीत कुलूप लावून दिवसातून चार वेळा पाहणारा सापडतो, आणि बाही मुद्दाम वर सारून लोकांना मनगट दाखवणारा तर जास्तच सापडतो. तेव्हा घालणारा साधा आणि ठेवणारा लोभी, अशी वाटणी करता येत नाही. आपण बायका हे चांगलं ओळखतो. नेसलेल्या पैठणीचाही दिमाख असतो आणि कपाटातल्या पैठणीचाही.

पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा फरक केलाय तो मला इथं फार उपयोगी वाटला. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरायचं ते उपभोग, जसं वस्त्र. श्रावकानं दोन्हींना मर्यादा घालून घ्यावी. घड्याळ उपभोगातलं. म्हणजे ते वापरण्यासाठीच आहे, फक्त किती आणि कसं याची मर्यादा हवी.

कसं, याचं उत्तर आपल्या मुनींकडं रोज दिसतं. दिगंबर मुनींजवळ काय असतं? पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची पिंछी. ती किती सुंदर दिसते! पण ती दाखवायला नसते. बसताना, उठताना, पुस्तक ठेवताना जीवजंतू हळूच बाजूला करायला असते. वर्षभर वापरून पिसं झडतात, आणि चातुर्मास संपला की पिंछी-परिवर्तन होतं. नवी पिंछी दिली जाते, आणि जुनी ज्या श्रावकानं संयमाचा नियम घेतला त्याला मिळते. कोऱ्या पिंछीसाठी कुणी हात पसरत नाही. झिजलेल्या पिंछीसाठी लोक व्रतं घेतात. का? ती वापरली गेली म्हणून, आणि काळजीनं वापरली गेली म्हणून.

या काळजीलाच आपल्यात यत्नाचार म्हणतात. चालायचं ते बघून, ठेवायचं ते बघून, बोलायचं ते बघून. आणि गंमत अशी, की आपण मराठीत रोज बोलतो तो 'जतन' हा शब्द याच 'यत्न'वरून आलाय. जतन करणं म्हणजे आपण कुलूप लावणं समजून बसलोय. मुळात ते यत्न करणं आहे. पेटीत टाकलेल्या वस्तूसाठी यत्न काय करावा लागतो? हातातल्या वस्तूसाठी मात्र रोज करावा लागतो.

माझं उत्तर मला इथं मिळालं. कोरं ठेवायचं नाही, वाटेल तसं घालायचंही नाही. जतन करून घालायचं.

आणि आईच्या घड्याळाच्या बाबतीत आणखी एक कारण होतं, जे मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या संग्रहात ज्या घड्याळांना तू कोरी म्हणतोस, ती कुणीतरी हौसेनं ठेवली म्हणून कोरी आहेत. आईचं तसं नाही. तिनं ठेवलं नव्हतं, तिला ते ठेवावं लागलं होतं. ते काचेच्या कपाटात लावून आपण ज्या कोरेपणाचं कौतुक करणार, तो आजीच्या एका वाक्यानं आलेला आहे. मला ते वाक्य आणखी पन्नास वर्षं चालवायचं नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उघडायच्या आधी मला सगळ्या बाजूंनी फोटो काढू देशील? तबकडी, मशीन, झाकणाची आतली बाजू. निदान खरं कसं होतं याची नोंद राहील." मी आनंदानं हो म्हटलं. त्याचा मुद्दा खोटा नव्हता, हे मी आधीच सांगितलंय. तो एका रविवारी आला, दोन तास फोटो काढले, मापं घेतली, एका वहीत सगळं उतरवलं. मूडबिद्रीच्या प्रतींसारखंच की ते! डबा, पावती, कागद आणि तो जुना पट्टा मी त्याला देऊन टाकला. पट्ट्याचा तो वळ आता त्याच्या वहीत 'दोष' म्हणून लिहिलेला नाही. काय लिहिलंय ते त्यानं मला दाखवलं, पण ते आमच्या घरापुरतं राहू दे.

घड्याळजींनी मशीन धुऊन तेल घातलं, काच पुसली, नवा साधा पट्टा लावला. तबकडीला हात लावू नका, असं भाच्यानं बजावून सांगितलं होतं, त्यांनीही लावला नाही.

आमचे नियम ठरले आहेत. सकाळी णमोकार झाला की किल्ली द्यायची, रोज त्याच वेळेला, आणि घट्ट लागली की थांबायचं. भांडी, धुणं, आंघोळ, पाऊस, यांच्या वेळी काढायचं. काढलं की फडक्यावर ठेवायचं, ओट्यावर नाही. चार-पाच वर्षांनी तेलपाण्याला न्यायचं. घालायचं ते वेळ बघायला, दाखवायला नाही. सोमवार ते शुक्रवार लेकीकडं, कोर्टात. शनिवार-रविवार माझ्याकडं.

मी ते घालून सामायिकाला बसते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. घड्याळ हा शब्दच घटकेवरून आलेला. पूर्वी पाण्यात सोडलेलं घटिकापात्र भरून बुडालं की एक घटका व्हायची, चोवीस मिनिटांची. डोळे मिटले की मनगटावरचे ठोके ऐकू येत नाहीत, पण उठताना मी काट्याकडं बघते आणि मला कुणाला सोप्यावर पाठवावं लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात लेकीच्या कोर्टातल्या टेबलाला घासून काचेवर एक बारीक ओरखडा पडला. भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "काच प्लास्टिकची आहे, पॉलिश करून जाईल." थोड्या वेळानं त्यानंच परत फोन केला. "आत्या, आप्पाआजोबांचं जनता माझ्या बाबांच्या कपाटात पडून आहे ना? त्यात बिघडायचं असं काही उरलेलंच नाही. ते मी घालू का ऑफिसला?"

मी म्हटलं, "घाल. आधी तेलपाणी करून घे."

त्याची बाकीची घड्याळं अजून पेटीतच आहेत आणि तो अजून पेटीपंथीच आहे. माझा त्याला विरोध नाही. मी फक्त माझ्या मैत्रिणींना विचारते, की तुमच्या कपाटात 'पुढं कुणाला तरी होईल' म्हणून काय काय कोरं पडलंय? एकदा काढून बघा. ते तुम्ही हौसेनं ठेवलंत, की कुणीतरी तुम्हाला ठेवायला लावलं? हौसेनं ठेवलं असेल तर सुखानं ठेवा, वर्षातून एकदा ऊन दाखवा. दुसरं असेल, तर उद्या सकाळी घाला.